गुडघ्यातून

चारकोप, कांदिवली
१२ मार्च २०२५

ताई,

नमस्कार-बिमस्कार काही लिहीत नाही. पाच दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. शेजारच्या गुणाजीला लावला तर तो कधी म्हणतो पद्मजाताई गोठ्यात आहे, कधी म्हणतो देवळात आहे. भर दुपारी तीन वाजता कुठलं देऊळ उघडं असतं गं? म्हणून शेवटी कागद घेतला. पाय समोर स्टुलावर ओंडक्यासारखा सरळ ठेवलाय आणि वही पोटावर धरून लिहितेय. पाय वाकत नाही ना. कोणामुळे, ते तुला माहीत आहे.

डॉक्टर सुबोध शुक्रवारी काय म्हणाले ते तू नीट ऐकलंच नसशील, तुला पिशवी भरायची घाई होती. परत सांगते. हाड जुळतंय. एक्स-रेमध्ये झकास दिसतंय. पण ऑपरेशनला दोन महिने झाले आणि गुडघा तीस डिग्रीच्या पुढे जात नाही. आतापर्यंत नव्वद पाहिजे होता. नव्वद म्हणजे खुर्चीवर बसल्यावर पाय जसा खाली सुटतो तेवढा. तेवढा वाकला नाही तर मला बसची पायरी चढता येणार नाही, आणि पायरी न चढणाऱ्या कंडक्टरला डेपोवाले काय देव्हाऱ्यात बसवणार आहेत? ऑगस्टमध्ये माझं मेडिकल बोर्ड आहे. तिथे सगळ्यांसमोर पायरी चढून दाखवायची. जमलं तर तिकिटाचं मशीन परत गळ्यात, नाही तर एकवीस वर्षांची नोकरी लाइनवरून खाली.

जानेवारीत साकीनाक्याला बस खड्ड्यात आदळली आणि मी मागच्या दारातून रस्त्यावर पडले, त्याचा दोष मी कोणाला देत नाही. मांडीचं हाड गुडघ्याच्या चार बोटं वर मोडलं, ते नशिबात होतं म्हणेन. पण गुडघा आखडला तो घरात, माझ्या स्वतःच्या पलंगावर. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापासून वाकवायला सांगितला होता. पायावर वजन द्यायचं नाही, पण गुडघा वाकवायचा, हे दोनदा सांगितलं होतं. आणि तू गावाहून येऊन माझ्या उशाशी बसलीस आणि तुझा एकच जप. "वाकव नको गो बाय, आतलो रॉड वाकतलो."

तो रॉड स्टीलसारखा कडक असतो, ताई. हाडाच्या पोकळीत बसवून वर-खाली स्क्रूने आवळलेला असतो. गुडघा वाकवला म्हणून तो वाकेल कसा? तुझ्या डोक्यात एकदा काही बसलं की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही.

दवाखान्यात मी तुला जे बोलले ते बोलले. परत घेणार नाही. तू तशीच उठलीस, घरी येऊन कपडे भरलेस आणि कणकवलीची गाडी पकडलीस. राजेश रिक्षाने मागे आला तर त्याच्याशीही बोलली नाहीस. माझ्या बिचाऱ्या नवऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं? आणि राग तुला कसला? पाय माझा गेलाय. राग मला यायला पाहिजे, आणि तो आलाय.

उत्तर पाठव.

सुगंधा


चारकोप
३ एप्रिल २०२५

ताई,

पत्र परत आलं. रजिस्टर करून पाठवलेलं, वर खंडू पोस्टमनच्या अक्षरात लिहिलंय, 'घेण्यास नकार'. खंडूने सांगितलं असेलच ना तुला, की मुंबईहून बहिणीचं आहे म्हणून. तरी हात पुढे केला नाहीस. शाब्बास. आता हे साध्या पाकिटातून पाठवतेय. याला सही लागत नाही, खंडू उंबऱ्यावर टाकून जाईल. मग वाच नाही तर चुलीत घाल. परत आलेलं पत्रही यातच कोंबलंय.

अपूर्वा परत यायला लागली आहे. तीच, गुडघ्याचा व्यायाम करून घेणारी, जिला आपल्या दारातून इतक्या वेळा मागे जावं लागलं. चोवीस वर्षांची पोर आहे, पण चिवट. तिने मला आज चूक कुठे झाली ते उलगडून सांगितलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर येऊन तुला आणि राजेशला म्हणाले होते, "गुडघ्यातून रॉड टाकलाय." तू त्याचा अर्थ घेतलास की रॉड गुडघ्यात आहे, आरपार. पुढे पट्टी बदलताना तुला टाके दिसले, तेही गुडघ्यावर. मग काय, तुझी खात्रीच झाली. पण डॉक्टरांना म्हणायचं होतं की रॉड आत सरकवला तो गुडघ्याच्या बाजूने. गुडघा नुसती वाट. अपूर्वा म्हणाली, "मावशी, दारातून कपाट आत आणलं म्हणून ते दारात उभं राहतं का? ते खोलीत जातं आणि दार लागतं-उघडतं."

इतकी सोपी गोष्ट. शेंबड्या पोराला कळेल. एका 'गुडघ्यातून'साठी माझी वाट लागली.

बाबांच्या मोडलेल्या पायात घातलेली लोखंडी पट्टी वाकली होती, म्हणून तू घाबरलीस, हे मला कळतं. पण ते साल त्र्याऐंशी होतं. आणि बाबांना पायावर उभं राहू नका असं सांगितलेलं असताना ते उभे राहिले होते, वाकवण्याचा तिथे काही संबंध नव्हता.

एक चांगलं झालं म्हणायचं. डॉक्टरांनी त्या दिवशी केसपेपरवर लिहिलंय, 'नातेवाईकाने व्यायामास विरोध केला.' डेपोतला किरण क्लार्क ते वाचून म्हणाला, "मॅडम, ही ओळ जपून ठेवा. चूक पेशंटची नाही हे बोर्डाला दिसतं, मग ते सांभाळून घेतात." बघ, जाता जाता तुझा तेवढा उपयोग झाला.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. तू माझं पत्र परत पाठवलंस ना.

सुगंधा


चारकोप
२७ एप्रिल २०२५

ताई,

तुझं कार्ड मिळालं. उघडं पोस्टकार्ड. चार ओळी, सातवीतलं तुझं ते वळणदार अक्षर, आणि त्या चार ओळी तुझ्या खंडूने वाचल्या, इथल्या पोस्टमनने वाचल्या आणि आमच्या श्रुतिकाने तर दारातच मोठ्याने वाचून दाखवल्या. वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला. मग कार्ड माझ्या मांडीवर ठेवून आत निघून गेली. पोटची पोर माझ्याकडे अशी बघते, यासाठी पाठवलंस का?

'कपाटाची गोष्ट अपूर्वाने जानेवारीतच मला सांगितली होती. तू तेव्हा तोंडावर पांघरूण घेऊन पडली होतीस. मला पहिल्या आठवड्यात पटलं. पुढचे सात आठवडे कोणाचे, ते तू लिही.'

पाठ झालंय मला. दहा वेळा वाचलं.

काय लिहू? दुखायचं, ताई. तुला माहीत आहे किती दुखायचं. अपूर्वा टाचेखाली हात घालायची आणि मला वाटायचं टाके उसवतायत, हाड परत सुटतंय. मी दोन बाळंतपणं काढली आहेत, त्यातलं एक गेलेलं. मला दुखणं नवीन नाही. पण ते दुखणं येतं आणि होऊन जातं. हे रोज सकाळी अकरा वाजता दारावर बेल वाजवून यायचं.

एवढंच लिहिते. बाकीचं तूच लिहिलंयस की कार्डावर, सगळ्या वाडीला कळलंय.

शुक्रवारी, दोन तारखेला, मला परत भूल देणार आहेत. चिरायचं नाही. मी बेशुद्ध असताना डॉक्टर हाताने गुडघा दाबून वाकवणार, आत जे चिकटलंय ते सुटावं म्हणून. हाड जुळलंय, पण जोर जास्त लागला तर मोडूही शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच्यावर माझी सही घेतली. मोडलं तर सगळं पहिल्यापासून. राजेशला मी हे सांगितलेलं नाही. तुला का सांगतेय कोण जाणे. तू काही येणार नाहीस. येऊ नकोस.

सुगंधा


चारकोप
१० मे २०२५

ताई,

हाड शाबूत आहे. टेबलावर गुडघा एकशे पाचपर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, आतून कडकड आवाज येत होता, बाहेर नर्सला ऐकू गेला. आता हा वाकलेला गुडघा रोज वाकता ठेवायचा. एक आठवडा सोडला तरी परत दगड. अपूर्वा सकाळ-संध्याकाळ येते आणि मी तोंडात टॉवेल धरून ओरडते. राजेशला ते ऐकवत नाही म्हणून तो खाली जाऊन पार्क केलेल्या स्कूटरवर बसतो.

भूल उतरत होती तेव्हा मी बडबडत होते म्हणे. नर्सने श्रुतिकाला विचारलं, ही ताई कोण? सारखं म्हणतायत, ताई, दार लाव.

तर मग ऐक. आता लिहूनच टाकते, नाहीतर हे पोटात राहून सडेल.

पहिला आठवडा तुझा. तो मी सोडणार नाही, त्या आठवड्यात तूच मला वाकवू दिलं नाहीस. मग अपूर्वाने तुला कपाटाची गोष्ट सांगितली. मी पांघरुणाखाली जागी होते, सगळं ऐकलं. त्या दुपारी तू माझ्या पायाशी बसलीस, टाचेखाली हात घातलास आणि म्हणालीस, "माका समाजला आता. वाकव, बाय. मी धरतंय." आणि मी तुला काय म्हणाले? "माझ्या वाईटावर उठलीस का?" दुसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा मी तुला म्हणाले, "ताई, दार लाव, सांग झोपलीय." चौथ्या दिवशी अपूर्वाला ते पटेना म्हणून मी तिला पलंगावरून ओरडून सांगितलं, "आमच्या ताईला हे पसंत नाही. आमच्या बाबांची पट्टी वाकली होती." तू दारात उभी होतीस, कडीवर हात. माझ्याकडे वळून बघितलंस आणि दार लावून घेतलंस. त्यानंतर रोज तेच. तुझी भीती संपली होती, मी ती माझ्यासाठी वापरायला घेतली.

आणि सात मार्चला डॉक्टरांनी विचारलं, "कोणी अडवलं व्यायाम करायला?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मी. मीच वाकवू दिला नाही."

का बोललीस तसं? मी मागितलं होतं? मला वाटलं तू आता सांगणार, आता सांगणार, आणि मी मरणार लाजेने. आणि तू आरामात सगळं स्वतःवर घेतलंस, जशी भाजीची पिशवी घेतेस हातातून. मला इतका राग आला तुझा. तू गप्प बसली असतीस तर कदाचित मी खरं बोलले असते. आता माझ्याकडे बोलायला एकच गोष्ट उरली आणि ती मी बोलले. डॉक्टर, नर्स, अपूर्वा, राजेश, सगळ्यांच्या देखत. "अडाणी आहे हो ती, डॉक्टर. तिला काय कळतंय."

बाबा पडले तेव्हा मी सात वर्षांची होते, तू चौदाची. गिरणी बंद पडून ते गावी आले, चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरले, पाय मोडला, त्यात घातलेली पट्टी वाकली आणि नऊ वर्षं खाटेवर पडून राहिले. त्यांचं हगणं-मुतणं कोणी काढलं? सातवीत पहिली आली होतीस तू. बाईंनी घरी येऊन आईला सांगितलं होतं, हिला पुढे शिकवा. आई म्हणाली, मग ह्यांना उचलणार कोण? मी बारावी झाले, मुंबईला आले, परीक्षा देऊन कंडक्टर झाले, आणि तुला चार माणसांत अडाणी म्हटलं.

माफी मागत नाही. माफी मागितली की तू लगेच म्हणशील, असू दे गो, आणि परत सगळं तुझ्याच अंगावर घेशील. मला ते नको आहे.

सुगंधा


चारकोप
१९ जून २०२५

ताई,

चोरी पकडली. श्रुतिकाच्या फोनमध्ये बघितलं, रोज रात्री साडेआठला तुझा फोन. माझा उचलत नाहीस आणि पोरीला फोन करून माझ्या गुडघ्याची डिग्री विचारतेस. ती पण महा बिलंदर, मला रोज संध्याकाळी मापपट्टी लावून बघायची, मला वाटायचं काय गुणी पोर आहे.

गुडघा ऐंशीवर आल्याचं तिने तुला सांगितलंच असेल. एकशे पाचवरून घसरून ऐंशी. अपूर्वा म्हणते असं होतं, थोडं मागे येतं, मग परत पुढे ढकलायचं. ती ढकलते, पण मी ओरडले की तिचा हात सैल पडतो. श्रुतिका तर रडायलाच लागते. काल मी दोघींना खोलीबाहेर काढलं, पलंगाच्या काठावर बसले, चांगला पाय दुखऱ्या पायावर टाकला आणि स्वतःच खाली रेटला. तुला शिव्या देत देत रेटला. खोटं सांगत नाही, प्रत्येक दोन डिग्रीला एक शिवी. पंच्याऐंशी झाला.

ते सात आठवडे मी हेच केलं असतं तर तू अजून माझ्या घरात असतीस, उगाच कढीत मीठ जास्त घालत.

बोर्ड एकवीस ऑगस्टला. श्रुतिकाला विचारायची गरज नाही, मीच सांगितलं.

सुगंधा


चारकोप
२२ ऑगस्ट २०२५

ताई,

काल बोर्ड झालं. जसंच्या तसं सांगते.

आधी मागच्या अंगणात उभ्या केलेल्या बसकडे नेलं. म्हणाले, चढा. मी दांडा धरला, हा मोडलेला डावा पाय वर टाकला. दोन दिवस आधीच अपूर्वाने मापला होता, अठ्ठ्याण्णव. चढले. म्हणाले, उतरा. उतरले. असं पाच वेळा करायला लावलं. पाचव्या वेळी घाम फुटला, पण थांबले नाही. आतल्या माणसाने घंटीची दोरी ओढून बघा म्हटलं, तीही ओढली. टण् झालं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बसमध्ये कधी रडले नव्हते मी.

मग आत नेलं. तीन डॉक्टर, एक अधिकारी, आणि कागद पुढे-मागे करायला आपला किरण. बाहेर त्याने मला बजावून ठेवलं होतं, "मॅडम, कागदावर आहे तेवढंच बोला. हो म्हणा आणि बाहेर या." मधल्या डॉक्टरबाईंनी केसपेपर वाचला. दोन महिने व्यायाम झाला नाही, नातेवाईकाने विरोध केला. मान वर करून विचारलं, "बरोबर आहे ना हे?"

हो म्हटलं की झालं होतं. पाय चालत होता, कागद माझ्या बाजूने होता. किरण मान डोलावत होता.

मी म्हटलं, "नाही, मॅडम. खोटं आहे ते."

त्या म्हणाल्या, "म्हणजे?"

"म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने एक आठवडा अडवलं, तेही डॉक्टरांचा शब्द तिला वेगळा कळला म्हणून. समजल्यावर ती रोज वाकव म्हणत होती. पुढचे सात आठवडे मी वाकवला नाही. दुखायचं म्हणून. नाव मी तिचं सांगितलं."

अधिकारी म्हणाला, "बाई, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय? हे लिहावं लागेल."

"लिहा," म्हटलं. "तिचं नाव पद्मजा. तेही लिहा. नुसतं नातेवाईक लिहू नका."

अर्धा तास बाहेर बसवलं. मग निकाल. पाय ठीक, पण पेशंटने स्वतः उपचार टाळलेले आहेत, पुढे व्यायाम चालू ठेवेल याची खात्री देता येत नाही. सहा महिने लाइनवर पाठवायचं नाही. डेपोत खिडकीपाशी बसून दुसऱ्या कंडक्टरांना तिकिटाची मशीन द्यायची. फेब्रुवारीत परत बोर्ड. सर्व्हिस बुकात शेरा.

राजेश घरी येऊन अर्धा तास भांडला. काय गरज होती सांगायची, पायरी चढलीस ना, म्हणाला. त्याचं चूक नाही. मला पण रात्री वाटलं, काय मिळालं? मी तुझ्यावर परत चिडले. तू त्या दिवशी 'मी' म्हणाली नसतीस तर ही ओळ कागदावर आलीच नसती आणि मला ती खोडत बसावं लागलं नसतं.

आज सकाळी डॉक्टर सुबोधकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. केसपेपरवरची जुनी ओळ खोडता येत नाही म्हणाले, पण खाली नवी लिहून सही केली. त्याची आणि बोर्डाच्या कागदाची झेरॉक्स यात घातलीय. मराठीत आहे, वाच. तुझं नाव दोनदा आलंय.

मी आता रोज वाकवते. कोणी नसलं तरी वाकवते. खिडकीपाशी बसून टेबलाखाली वाकवते. तुला यायचं तर ये, नाही आलीस तरी मी फेब्रुवारीत ती पायरी चढणार आहे.

आणि एक लक्षात ठेव, पद्मजाताई. यापुढे माझा दोष परत कधी स्वतःच्या डोक्यावर घेतलास तर माझ्याशी गाठ आहे.

सुगंधा